मालाच्या लिफ्टचं कुलूप

फोन एक वाजून दहा मिनिटांनी आला. पाचही ताटं वाढून झाली होती. दादाच्या कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला आबा आणि त्यांची मुलगी मिस्त्री मागच्या गल्लीतून त्याच्याकडे जेवायला येत. आई गेल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

मिस्त्रीने हात पुसून फोन घेतला. पहिली दोन वाक्यं तिने उभ्यानेच ऐकली. तिसऱ्याला ती खुर्चीत बसली.

"हो, उद्या दहाला. मीच बोलतेय. कोणतं पत्र? नाही, म्हणजे... हो. कोणती लिफ्ट म्हणालात? बरं. आणते."

तिने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला.

"रुग्णालयाच्या देखभाल विभागातून होता. मुलाखतीला येताना दादाच्या कारखान्यातल्या लिफ्टचं लॉगबुक घेऊन या म्हणतात. मूळ वही. गेल्या सहा वर्षांच्या नोंदींसकट."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. दादा टोमॅटोवर मीठ घालत होता. तो ते नको इतका वेळ घालत राहिला.

"दादा," मिस्त्री म्हणाली, "मी तुला फक्त पाकीट पोचवायला सांगितलं होतं."

"पोचवलं की."

"आत काय घातलंस?"

"एक पत्र. छोटंसं."

"दहा ओळींचं," बारकी म्हणाली आणि लगेच ग्लास तोंडाला लावला. बारकी दादाची मुलगी, बावीस वर्षांची, आणि तीन महिन्यांपासून लोकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत उमेदवारी करत होती. "माझ्याकडे बघू नका. मी फक्त टाइप केलं."

पत्र बारकीच्या फोनमध्ये होतं. तिने ते वाचून दाखवलं. कारखान्याच्या छापील कागदावर, मालक म्हणून स्वतःच्या सहीनिशी, दादाने लिहून दिलं होतं की त्याची बहीण गेली सहा वर्षं चार महिने त्याच्याकडे नोकरीला आहे आणि या काळात तिने कारखान्यातल्या मालवाहू लिफ्टची देखभाल नियमितपणे व समाधानकारक केलेली आहे.

वहिनी चमचा खाली ठेवून म्हणाली, "अहो, पण ती लिफ्ट बंद आहे."

"बंद लिफ्टलाच देखभाल जास्त लागते."

"सहा वर्षं बंद आहे. आपली माणसं बावीस पायऱ्या चढून रेलिंग वर नेतात. परवा रंगाऱ्याने मला विचारलं, बाई, वरच्या मजल्याचा पगार वेगळा मिळेल का?"

आबांच्या तोंडाच्या डाव्या बाजूला हसू आलं. उजव्या बाजूला ते अजून येत नव्हतं.

*

दादाने पत्र दिलं त्याला तसं कारण होतं.

आदल्या दिवशी तो रुग्णालयाच्या खाटांचे कठडे पोचवायला गेला होता. मिस्त्रीचा अर्ज त्याच्यासोबत होता. फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती, म्हणून त्याने तो उघडून वाचला. लिफ्ट कंपनीत नऊ वर्षांची नोकरी, दोन परवाने, वरिष्ठांची शिफारस. मग रकाना होता, ‘कामात खंड असल्यास कालावधी व कारण’. त्यात काहीच नव्हतं. कोरा कागद.

तो कोरा का आहे हे त्याला ठाऊक होतं. गेल्या पाच महिन्यांत तिने तीन ठिकाणी अर्ज केले होते. पहिल्या ठिकाणी ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं, बोलावणं आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी दीड पान खरं खरं लिहिलं, तिथूनही आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी बोलावलं, आणि सगळे प्रश्न संपल्यावर एकाने विचारलं, वडील आता पूर्ण बरे आहेत, की पुन्हा रजा लागेल? त्या दिवशी ती घरी येऊन स्वयंपाकघरातला पंखा उघडून साफ करत बसली होती.

गाडी रांगेत तशीच ठेवून दादा दोन मिनिटं विचार करत होता. मग तो रांगेतून बाहेर पडला, कारखान्यात परत आला आणि त्याने बारकीला टाइप करायला बसवलं.

हे त्याने आता टेबलावर सांगितलं. त्यामागचं मात्र सांगितलं नाही. आबांना अर्धांगाचा झटका आला त्या आठवड्यात याच टेबलावर ठरलं होतं की सहा महिने बहीण बघेल, सहा महिने भाऊ. पहिले सहा महिने संपले तेव्हा कारखान्यात मोठं काम आलं होतं. मिस्त्री म्हणाली, असू दे, तुझं होऊ दे. पुढच्या सहा महिन्यांनी कुणीच विषय काढला नाही.

"चांगल्यासाठीच केलं ना," तो म्हणाला. "तुझी सहा वर्षं रिकामी दिसत होती."

"रिकामी?" मिस्त्री म्हणाली.

"कागदावर. कागदावर म्हणतोय मी."

"आत्या, बाबांचं अगदीच चूक नाहीये," बारकी मध्ये पडली. "आमच्याकडे रोज दोनशे अर्ज येतात. गॅप दिसला की अर्ज ढिगाच्या खाली जातो. कुणी मुद्दाम नाही करत. पण जातो. त्याला नीट नाव द्यावं लागतं. तू लिही, कौटुंबिक आरोग्य व्यवस्थापन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आबांचं सगळं."

"म्हणजे आबांना अंघोळ घालणं."

"हो, पण तसं नाही लिहायचं!"

"अंघोळ," आबा म्हणाले. त्यांचे शब्द एकेक करून येत. पुढच्या शब्दासाठी सगळे थांबले. "थंड... पाणी."

"एकदा," मिस्त्री म्हणाली. "सहा वर्षांत एकदा गिझर बंद पडला होता, आबा. ते तुम्ही मरेपर्यंत काढणार आहात."

टेबल हसलं. वहिनीच्या लक्षात आलं की मिस्त्री हसली तरी जेवत नव्हती. आणि एकीकडे बाप-लेक, दुसरीकडे आपण आणि नणंद, अशी फळी पडली असली तरी आपण कुठे आहोत हे आपल्याला नक्की ठाऊक नाही. सहा महिन्यांनी विषय निघाला नाही तेव्हा तिलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

*

लॉगबुक कारखान्यात खालच्या मजल्यावर लिफ्टच्या विजेच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेलं होतं. मागच्या दाराने सगळे तिथे गेले. आबा काठी टेकत शेवटी आले. यंत्रं बंद होती आणि फरशीवर लोखंडाचा भुसा झाडून एका कोपऱ्यात केलेला होता.

पेटीचा दांडा खाली ओढलेला होता आणि त्यातून एक लाल कुलूप अडकवलेलं होतं. त्याला पत्र्याची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर आबांचं नाव आणि तारीख.

या कारखान्यात लोखंड कापायची चार यंत्रं होती. ते कुलूप कापायला दहा सेकंद पुरले असते. सहा वर्षं चार महिन्यांत एकानेही कापलं नाही. आबांच्या धंद्यात लिफ्टवर काम करणारा माणूस वीज बंद करून स्वतःचं कुलूप लावतो आणि ते फक्त तोच काढतो. त्यांच्या तरुणपणी एका मुकादमाने घाईत दुसऱ्याचं कुलूप काढून दांडा वर केला होता आणि आबांच्या जोडीदाराचा हात गेला होता. त्या हाताची गोष्ट या घरातल्या मुलांनी झोपताना ऐकलेली होती. दादा लिफ्टच्या धंद्यात गेला नाही, पण आबांच्या कुलपाला हात लावायचा नाही हे त्यालाही पक्कं माहीत होतं. त्याने कारखाना जिन्यावर चालवला.

दादाने वही काढून धूळ झटकली आणि कामाच्या टेबलावर उघडली. शेवटची नोंद आबांच्या जुन्या, उजव्या हातच्या अक्षरात होती. ‘९.४०. ब्रेकची लायनिंग झिजलेली. नवीन बसवेपर्यंत लिफ्ट बंद. कुलूप माझं.’ खाली सही. ती लायनिंग आणायला म्हणूनच ते त्या सकाळी बाहेर पडले होते. दुकानापर्यंत पोचले नाहीत.

त्याखालची सगळी पानं कोरी होती.

"महिन्याला एक," दादा म्हणाला. त्याच्या खिशात चार पेनं होती. "सहा वर्षांच्या शहात्तर नोंदी. तपासली, तेल दिलं, ठीक आहे. पाचजणांत दोन तासांचं काम."

"बाबा, पानं नवीन दिसतील," बारकी म्हणाली. "थोडा चहा सांडू या का?"

"शहात्तर नोंदींना किती चहा लागेल?" वहिनी म्हणाली. "आणि नोंद केली तर सांगा, कुलूप लावलेलं असताना तिने तपासली कशी? वरून उडी मारून?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी तुमच्याच बाजूने होते जेवण होईपर्यंत. ही वही उद्या ठेवायची आहे लिफ्टवाल्या माणसासमोर. तुमच्या-माझ्यासारख्या खुळ्यांसमोर नाही."

दादाने तरी पेनाचं टोपण काढलं. आबांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि डावा हात वहीच्या पानावर सपाट ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"आबा, तिचंच भलं आहे यात."

"नाही."

मग दादाचा आवाज चढला. तो फारसा चढत नसे, म्हणून बारकी एक पाऊल मागे सरली.

"मग काय लिहायचं? सहा वर्षं बापाजवळ होती? लिहा! पुढचा प्रश्न काय येईल ठाऊक आहे? भाऊ नव्हता का? आणि ती म्हणेल, होता, गेट बनवत होता. त्या रुग्णालयात मी दर पंधरा दिवसांनी जातो. त्या माणसांसमोर मी दर वेळी—"

तो थांबला.

"अच्छा," मिस्त्री म्हणाली. "म्हणजे खंड तुझा भरायचा होता."

"दोघांचा," दादा म्हणाला. त्याने पेनाचं टोपण परत लावलं. "पण हो. माझाही."

वहिनी म्हणाली, "माझापण धर."

*

आबांच्या डोक्यात वाक्यं पूर्ण असत. तोंडापर्यंत येईतो त्यातली बहुतेक गळून पडत. आता त्यांच्या डोक्यात होतं ते असं:

चाळीस वर्षं त्यांनी अशा वह्यांत कारणं लिहिली. पोलादी रोप. ब्रेक. दार नीट लागत नाही. आज मुलीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव लिहायचं होतं, आणि हे त्यांना गेले पाच महिने टोचत होतं. ती अर्ज भरायला बसली की ते झोपेचं सोंग घेत. तिने एकदाही त्यांना विचारलं नाही की तुमचं नाव लिहू का, आणि त्यांनीही सांगितलं नाही की नको लिहूस. पण ती वाकून त्यांचा बूट बांधताना त्यांना वाटे, हिचं सगळं माझ्यापाशी अडलंय.

वहीच्या पानावर हात ठेवल्यावर त्यांना बोटांखाली स्वतःची ओळ दिसली. त्यात ब्रेकला दोष दिलेला नव्हता. पुढच्या माणसाने हात कुठे घालायचा एवढंच त्यात सांगितलेलं होतं.

त्यांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली. त्या खिशात एक छोटी चावी असे. मिस्त्री दर धुण्याला ती काढून ठेवी आणि धुतलेल्या शर्टात परत टाकी. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

आबा पेटीकडे वळले. दादा आधार द्यायला पुढे झाला, तेव्हा मिस्त्रीने त्याचं मनगट धरलं.

"त्यांचं आहे," ती म्हणाली.

डाव्या हाताने चावी भोकात जाईना. एकदा पडली. बारकीने ती उचलून आबांच्या तळव्यावर ठेवली आणि मागे झाली. दुसऱ्यांदा आत गेली, पण फिरेना.

"तेल घातलं तर चालेल का?" मिस्त्रीने विचारलं.

आबांनी विचार केला. "तेल... चालेल."

तिने दोन थेंब सोडले. आबांनी पुन्हा प्रयत्न केला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. कुलूप उघडलं तेव्हा त्याचा आवाज अगदीच किरकोळ होता. आबांनी ते काढलं, चिठ्ठी काढली आणि दोन्ही खिशात टाकलं.

"मिस्त्री," ते म्हणाले. "बघ."

आठ वर्षांची असताना तिने दाराची घंटा उघडून परत जोडली होती, तेव्हापासून हे नाव. ते ठेवलं आबांनीच होतं.

*

तिने बघायला दोन तास घेतले. घरून तिची हत्यारांची जुनी पिशवी बारकी घेऊन आली. दांडा खालीच ठेवून तिने त्यात स्वतःचं निळं कुलूप अडकवलं, आणि मग बॅटरी घेऊन वरच्या यंत्रापाशी गेली. आबा खाली लेथजवळच्या खुर्चीत बसून वर ओरडून विचारत. एकेक शब्द. "ब्रेक?" "झिजलाय." "रूळ?" "गंजलेत, पण ठीक." "रोप?"

रोपचा वेढा न् वेढा तिने बॅटरीने तपासला.

"एका वेढ्यात सात तारा तुटल्यात, आबा."

"बदल," आबा म्हणाले.

दादा जिन्याशी उभा होता. "म्हणजे आज चालू नाही होणार?"

"नाही."

"सहा वर्षं मी थांबलो."

"अजून आठवडा थांब. कुणाच्या डोक्यावर पडायला नको."

खाली आल्यावर तिने हात पुसले आणि वही पुढे ओढली. आबांच्या ओळीच्या लगेच खाली, एकही ओळ न सोडता, तिने लिहिलं: ‘सहा वर्षं चार महिने नोंद नाही. कारण: आबा आजारी, मी त्यांच्याजवळ. आज ४.२०ला तपासणी. ब्रेक व रोप बदलणं गरजेचं, तोपर्यंत लिफ्ट बंद. कुलूप माझं.’ तिने सही केली आणि पेन आबांना दिलं. आबांची डाव्या हातची ही पहिली सही. ती खाली घसरत गेली, पण नाव वाचता येत होतं.

"हेच उद्या तिथे अर्जात लिही," वहिनी म्हणाली. "दुसरी ओळ. दीड पान नको, दुसरं काही नको."

"आणि मी नवीन पत्र देतो," दादा म्हणाला. "बारके, बस."

"टाइपच करायचं ना? नंतर माझं नाव नको."

पत्र तीन वाक्यांचं झालं. आधीचं पत्र मी दिलं, ते खोटं होतं, आणि बहिणीला त्याची कल्पना नव्हती. या काळात ती आमच्या वडिलांची देखभाल करत होती. तिसऱ्या वाक्याला दादा अडला. वहिनीने दोन सुचवली, त्याने दोन्ही खोडली. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं: ते काम आम्हा दोघांचं होतं, तिने एकटीने केलं.

बारकीने वर पाहिलं. "हे ठेवायचं?"

"ठेव."

"उद्यापासून कोण?" मिस्त्रीने विचारलं. ती पिशवी आवरत होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. "नोकरी मिळाली तर. सकाळी आठ ते पाच मी नसणार."

वहिनीने तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले. ते ज्या खुर्चीत बसले होते तिच्या हातावर त्यांनी दोनदा टिचकी मारली.

"इथे."

"कारखान्यात? आवाजात?" दादा म्हणाला.

"आवाज... आवडतो."

"मी न्यायला येईन साडेसातला," दादा म्हणाला. "आणि अंघोळ मी घालेन."

"गरम," आबा म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी दादा पावणेदहालाच रुग्णालयात होता. त्याने पत्र स्वतः आत नेऊन दिलं, बाहेर आला आणि बाकावर बसला. मग मिस्त्री वही घेऊन आत गेली.

आत दोघं होती. कर्मचारी विभागाच्या बाई आणि देखभाल प्रमुख. बाईंच्या समोर दोन पत्रं शेजारीशेजारी होती.

"पहिलं पत्र आलंच नसतं तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या.

"हो," मिस्त्री म्हणाली.

"असा खंड पुन्हा पडू शकतो?"

तिसऱ्या ठिकाणी याच प्रश्नाला तिने घाईघाईने नाही म्हटलं होतं, आणि तिलाच ते खरं वाटलं नव्हतं.

"पडू शकतो. वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. पण आता भाऊ आहे, वहिनी आहे. आणि थांबावं लागलंच, तर काम कुठपर्यंत आलंय आणि पुढे कुणाकडे आहे ते लिहून मगच जाईन."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. देखभाल प्रमुखांनी वही जवळ ओढली होती आणि ते मागची पानं चाळत होते. आबांची चाळीस वर्षांची सवय, सरळ ओळी, वेळ, कारण, सही. मग ते शेवटच्या दोन नोंदींवर आले. एक वाचली. दुसरी वाचली. पुन्हा पहिली वाचली.

"हे कुलूप सहा वर्षं तसंच होतं?"

"हो."

"लोखंडाच्या कारखान्यात?"

"हो."

"काढलं कुणी?"

"ज्यांचं होतं त्यांनी. काल."

"आणि आता तुमचं आहे."

मिस्त्रीने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. चावी तिथे होती.

त्यांनी वही बंद करून तिच्याकडे सरकवली. "रोप कधी बदलताय?"

"पुढच्या साप्ताहिक सुट्टीला. भावाचा कारखाना बंद असतो तेव्हा."

"ते जमणार नाही," देखभाल प्रमुख म्हणाले आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. "आमच्याकडे तुमची सुट्टी वेगळ्या वारी येईल. बाहेर बसलेत ना भाऊ? त्यांना सांगा, एक दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल."